‘योग्य’ राहिलंय का?

मामांना जाऊन वर्ष झालं, त्यांच्या नावाने स्मरणिका काढायची ठरली, आणि भाचीने दोन पानं द्यावीत असा समितीने लकडा लावला. सख्खी भाची, त्यात वीस वर्षं मामांच्या कार्यालयात टाइपरायटरवर बसलेली, तेव्हा मामांना माझ्याइतकं कोण ओळखतं, असं समितीतली मंडळी म्हणतात. खरं आहे. म्हणून तर दोन महिने टाळाटाळ करत होते.

मंडळींना काय हवंय ते मला तोंडपाठ आहे. गोरगरिबांचा कैवारी. शब्दाचा पक्का. दारी आलेल्याला कधी रिकाम्या हाताने परत न पाठवणारा. यातलं शेवटचं तर अक्षरशः खरं. पंचवीस वर्षं आमदार होते मामा, आणि त्यांच्या व्हरांड्यातून कुणी रिकाम्या हाताने गेलं नाही. जाणाऱ्याच्या हातात एक पत्र असायचं. ते मी टाइप केलेलं असायचं. त्या पत्रांची मला लाज वाटते, आणि त्यातल्या एका पत्राची इतकी वाटते की स्मरणिकेचं नाव काढलं तरी मान खाली जाते.

तर आता लिहितेच. खाल्ल्या घरचे वासे मोजते म्हणून कुणी बोल लावला तरी हरकत नाही. वासे मोजायला बसले तर आधी माझेच मोजावे लागतील.

मामांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, मोठ्या गावाच्या चौकात. शाळेच्या पोरांची पंक्चर फुकट काढायची आणि काढता काढता पोरांच्या घरचं सगळं ऐकून घ्यायचं, ही मामांची सवय. कुणाच्या गावात पंप बंद आहे, कुठला डॉक्टर येत नाही, कुठल्या रस्त्यावर चाकं वाकतात, हे मामांना सरकारच्या आधी कळायचं. चौतिसाव्या वर्षी लोकांनीच उभं केलं आणि निवडून दिलं. मामांकडे तेव्हा दोन शर्ट होते. आमदार झाल्यावर तिसरा शिवला, तो माझ्या आईने जबरदस्ती केली म्हणून.

त्या पहिल्या पाच वर्षांत मामा सरळ माणूस होता. होणारं काम असेल तर हो म्हणायचा, नसेल तर तोंडावर नाही म्हणायचा. उगीच हेलपाटे घालू नका, हे होणार नाही, घरी जा. लोकांना हे इतकं आवडलं की पुढच्या निवडणुकीत चारशे मतांनी पाडलं. तोंडावर नाही म्हणतो, माज आलाय मेल्याला, असं बायका नळावर बोलायच्या. मी स्वतः ऐकलंय. मामा पुन्हा दुकानात जाऊन बसला. पाच वर्षं पंक्चर काढली. त्यानंतर निवडून आला तो सलग चार वेळा, पण ‘नाही’ हा शब्द त्या दुकानातच ठेवून आला.

मी कामाला लागले ती या दुसऱ्या खेपेला. टाइपिंगची परीक्षा पास झाले होते आणि घरात बसून आईशी भांडत होते. आईने धाकट्या भावाला सांगितलं, हिला तुझ्याकडे घेऊन जा, नाहीतर एक तरी कमी होईल आमच्यातली. घरी मी त्यांना अरे मामा म्हणायची, कार्यालयात अहो मामा. बाहेर तर सगळेच मामा म्हणत. ऐंशी वर्षांचे म्हातारेसुद्धा. आणि मला सगळा मतदारसंघ भाची म्हणायचा. मला तेव्हा याचं हसू यायचं. साऱ्या मतदारसंघाला एकच मामा, आणि हा मामा भाचीला हाताशी धरून साऱ्या मतदारसंघाला मामा बनवतोय, हे कळायला मला एक महिना पुरला.

ते असं. राजधानीतल्या एका मुरलेल्या कारकुनाने मामांना शिकवलं होतं की आमदाराचं पत्र अख्खं कुणी वाचत नाही, शेवटची ओळ तेवढी वाचतात. ‘तरी कार्यवाही व्हावी, ही विनंती’ असं असेल तर आमदाराला काम खरंच हवंय. ‘तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती’ असं असेल तर माणूस नुसता वाटेला लावायचाय, पत्र फायलीत टाका आणि विसरा. शहाण्याला शब्दाचा मार. सगळ्या खात्यांतल्या शहाण्यांना हे माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त पत्र घेऊन जाणाऱ्याला.

सकाळी सातला व्हरांडा भरायचा. मामा एकेकाचं ऐकायचे, आणि माझ्याकडे वळून म्हणायचे, भाचे, यांना योग्य पत्र दे. किंवा, भाचे, यांना नुसतं पत्र दे. दिवसाला तीसेक पत्रं, त्यातली चार-पाच नुसती. आता गंमत बघा. ज्याला नुसतं मिळायचं तो हिरमुसायचा, आणि ज्याला योग्य मिळायचं त्याचा चेहरा उजळायचा. एकदा एक म्हातारा माझ्या टेबलाशी येऊन काकुळतीला आला, की मागच्या माणसाला योग्य दिलंत, मलाच का नुसतं, मलाही योग्य द्या की हो. त्याचं काम होणार होतं. मी हसू दाबलं आणि त्याला घालवलं. हसले याची आता शरम वाटते.

पण मामा लबाड होते, असं म्हणून मोकळं होता येत नाही. डोंगराकडचा रस्ता त्यांनी आणला. दवाखान्यात एक्स-रे मशीन आणलं, आणि ते चालवणारा माणूस मिळेना तेव्हा खात्याच्या दाराशी दोन दिवस बाकावर बसून राहिले. सभागृहात एकाच विहिरीचा प्रश्न सात वेळा विचारला, लोक हसले तरी विचारला, आणि ती विहीर झाली. व्हरांड्यात कुणाची सायकल उभी असली आणि चेन सैल दिसली की बोलता बोलता खाली बसायचे आणि चेन ताणून द्यायचे. मग तसेच काळे हात घेऊन सह्या करायचे. मतदारसंघातल्या निम्म्या पत्रांवर त्यांच्या अंगठ्याचा काळा ठसा आहे. लोकांना त्याचंही कौतुक होतं.

डोंगरावरच्या शाळेतल्या बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा मला कामाला लागून तीन वर्षं झाली होती. शाळा सातवीपर्यंत. आठवी मोठ्या गावात, चौदा किलोमीटरवर, आणि परतीची बस शाळा सुटायच्या आधीच निघून जायची. मुलगे सायकलने जायचे, नाहीतर कुणा नातेवाइकाकडे राहायचे. मुली सातवी झाली की घरी. बाईंचं मागणं एवढंच, की आठवीचा वर्ग डोंगरावरच सुरू करा, खोली रिकामीच आहे, तीत नुसते झाडू पडलेत, एक शिक्षक तेवढा द्या. त्या वर्षी सातवी पास झालेल्या मुली सहा होत्या. सहाही जणींबद्दल बाई सांगत होत्या, कोण गणितात हुशार, कोणाचं अक्षर बघण्यासारखं. ऐकता ऐकता मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं पाणी. नाटक असतं तर मला त्याचा राग धरून बसता आलं असतं.

मग डोळे पुसून माझ्याकडे वळले. म्हणाले, भाचे, बाईंना योग्य पत्र दे.

संध्याकाळी मी विचारलं. मामा म्हणाले, संस्थावाले. मोठ्या गावातलं खाजगी हायस्कूल आणि त्याचं वसतिगृह या गृहस्थांचं. निवडणुकीत चार गाड्या याच गृहस्थांच्या फिरायच्या. डोंगरावर आठवी निघाली की उद्या नववी निघेल, परवा शेजारच्या गावाला हवी होईल, मग संस्थेत यायचं कुणी. मामा म्हणाले, यंदा नको, पुढच्या वर्षी बघू. मी म्हटलं, बरं. माझी अक्कल तेवढीच आणि धाडसही तेवढंच.

बाई दर वर्षी निकालाच्या आठवड्यात यायच्या. मुलींचा आकडा घेऊन. यंदा सहा, यंदा नऊ, यंदा अकरा. पत्र हातात पडलं की टेबलाशी उभ्या राहून वाचायच्या, आणि पिशवीतून लाल पेन काढून माझ्या चुका दुरुस्त करायच्या. ‘विनंती’तला वि ऱ्हस्व, ‘सुरू’तला रू दीर्घ. तिसऱ्या की चौथ्या वर्षी मी चिडून म्हटलं, बाई, ही वही नाही, आमदारांचं पत्र आहे. त्या अजिबात रागावल्या नाहीत. उलट समजावल्यासारखं म्हणाल्या की पत्र चांगलं असलं की काम चांगलं होतं. मी टाइपरायटरकडे तोंड करून बसले. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

सातव्या वर्षी त्या एका मुलीला घेऊन आल्या. आसपासच्या सगळ्या शाळांत मिळून सातवीला पहिली आली होती. केस तेल लावून चापून बसवलेले, पायांत मोठ्या माणसाच्या चपला. मामा तिच्याशी पाच मिनिटं बोलले, पाठीवर हात ठेवायला गेले आणि हात काळे आहेत हे बघून मागे घेतले. मग नेहमीचं वाक्य. मी नेहमीप्रमाणे टाइप केलं. त्या ओळीला मला बघावंही लागायचं नाही, बोटं आपोआप चालायची. सहीआधी बाईंनी कागद मुलीच्या हातात दिला, वाच बघू मोठ्याने. मुलीने खणखणीत आवाजात वाचलं, न अडखळता, शेवटपर्यंत. मग मान वर करून मलाच विचारलं, “योग्य ती म्हणजे कोणती कार्यवाही?”

बारा-तेरा वर्षांची पोर. सात वर्षांत बाईंनी विचारलं नाही, हजारो माणसांतल्या एकानेही विचारलं नाही. मी फटकन बोलले, “ती मोठ्या माणसांची भाषा आहे. तुला नाही कळायची.”

बाईंनी तिला डोळ्यांनी दटावलं, असं विचारू नये. मुलगी कानापर्यंत लाल झाली आणि चपलांकडे बघत राहिली. तिचा तो चेहरा मला बघवेना. मी कागद परत घेतला, म्हटलं थांबा, एक चूक राहिलीय, आणि नवा कागद चढवला. मध्ये कार्बन घातले. सगळं तेच टाइप केलं, फक्त शेवटी ‘तरी कार्यवाही व्हावी, ही विनंती’. योग्य ती गाळलं. वीस वर्षांत एकदाच.

पत्र सह्यांच्या गठ्ठ्यात मधोमध सरकवलं. मामा कुणाच्या तरी सायकलशी उकिडवे बसले होते, तिथेच स्टुलावर गठ्ठा ठेवून सह्या केल्या. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. जमिनीवरचे पाने आणि स्क्रू मोजत उभी राहिले. बाई पत्र घेऊन गेल्या. त्या संध्याकाळी मी गुणगुणत घरी गेले, आईला म्हटलं आज मी एक चांगलं काम केलं, आणि आई म्हणाली, तू, आणि चांगलं काम, कपाळाला हात लावून बघू, ताप आहे का. आम्ही दोघी हसलो.

पाचव्या दिवशी दुपारी फोन आला. फोन माझ्या टेबलावर असायचा. मामा दौऱ्यावर होते, आणि समोरच्या खुर्चीत नेमके संस्थावाले बसले होते, चहा पीत, मामांची वाट बघत. फोनवर शिक्षण खात्यातले अधीक्षक. सगळी पत्रं यांच्याच टेबलावरून पुढे सरकायची, आणि ओळीतला इशारा यांच्याइतका कुणाला कळायचा नाही. आवाज मुळातच मोठा. म्हणाले, डोंगरावरच्या शाळेचं पत्र समोर आहे. आणि मग अगदी सहज, वरण झालं का विचारावं तसं विचारलं, “ताई, यात ‘योग्य’ राहिलंय का?”

मला फक्त नाही म्हणायचं होतं. नाही, बरोबर आहे, तसंच आहे. आठवीचा वर्ग त्या एका शब्दावर उभा होता. अधीक्षकांना पुढचं सगळं कळलं असतं, दुसऱ्या दिवशी कागद हलले असते. संस्थावाल्यांनी कप खाली ठेवला आणि भुवया उंचावून माझ्याकडे बघितलं, कुणाचा फोन म्हणून. एवढंच. धमकी नाही, दरडावणी नाही, नुसत्या भुवया.

मी म्हटलं, “हो, राहिलंय. घालून घ्या.”

फोन ठेवला. संस्थावाल्यांनी विचारलं, काय राहिलं. मी म्हटलं, टाइप करताना एक शब्द गळला होता. ते हसले, म्हणाले जेवून येत जा भाची, उपाशीपोटी अशाच चुका होतात. मीही हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं आणि मी हसत होते.

वर्ग अर्थातच निघाला नाही. त्यानंतर मी स्वतःची समजूत घालायला शिकले. पद्धत मामांची, शब्द मामांचा, संस्थावाले मामांचे, मी आपली हुकमाची ताबेदार. मामांवर मी मनातल्या मनात इतकी चिडायला लागले की बाहेरही दिसायचं. चहा आदळायची, हाक मारली की दोनदा मारायला लावायची. बाई पुढे आणखी चार वर्षं आल्या, मुलींचे आकडे घेऊन, आणि चारही वर्षं मी योग्य पत्र दिलं. ती मुलगी पुन्हा आली नाही. मी चौकशीही केली नाही. बाई निवृत्त झाल्या आणि मला, खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं.

मामांना पुढे तिकीट मिळालं नाही. व्हरांडा महिन्याभरात ओस पडला. मग आजारपण आलं, श्वासाचं. मी दुपारी जाऊन बसायची, औषधं द्यायची, भांडायची. शेवटच्या महिन्यात एका दुपारी मामांनी मला जवळ बोलावलं आणि विचारलं, डोंगरावरच्या बाईंच्या एका पत्रात योग्य नव्हतं, ते तू मुद्दाम गाळलंस ना. मी नुसती मान हलवली.

“मी वाचलं होतं,” मामा म्हणाले. “पेन धरून थांबलो जरा. मग म्हटलं, होऊ दे. संस्थावाल्यांनी तोंड उघडलं तर सांगेन, भाचीची चूक झाली.” एवढं बोलून दमले. जरा वेळाने म्हणाले, “खात्याने काम केलं नाही ते नाही. पण त्या एका पत्रात तरी मी खोटं बोललो नाही. एवढंच आहे बघ माझ्यापाशी.”

इतकी वर्षं मी ज्या माणसावर चरफडत होते त्याने सही वाचून केली होती. तोही माझ्यासारखाच भित्रा, दुसऱ्याच्या चुकीआड उभा राहून का होईना, पण केली होती. आणि खात्याने नव्हे, मी तो शब्द परत घातला होता. सांगायला हवं होतं. मी उशी सारखी केली आणि पाण्याचा पेला पुढे केला. जाणाऱ्या माणसाचं समाधान कशाला हिरावून घ्या, असं मनाला सांगितलं. थाप होती ती. त्यांनी माझ्याकडे कसं बघितलं असतं, ते मला बघायचं नव्हतं. तीन आठवड्यांनी मामा गेले.

आता गेल्या मंगळवारचं. स्मरणिकेची बातमी डोंगरावर गेली आणि बाई माझ्या घरी आल्या. गुडघे गेलेत त्यांचे, सोबत एक बाई होती, तिशीची, हातात फाइल धरून. मी ओळखलं नाही. बाईंनी सांगितलं, ही तीच, सातवीला पहिली आलेली. आता तिची स्वतःची मुलगी पाचवीत आहे. त्याच शाळेत, अजून सातवीपर्यंतच असलेल्या. ही वीटभट्टीवर कामाला जाते आणि संध्याकाळी बाईंना पेपर वाचून दाखवते, कारण बाईंचे डोळेही आता अधू झालेत.

फाइलीत अकरा पत्रांच्या बाईंकडच्या प्रती होत्या. प्रत्येक पत्राला पारदर्शक कागद, प्रत्येकावर खात्याच्या पोचेचा शिक्का. बाई म्हणाल्या, यातलं कुठलंही छापा, मामांनी आम्हाला कधी नाही म्हटलं नाही, खातंच नाठाळ निघालं. मी एकेक पान उलटत होते आणि मान वर करायचा धीर होत नव्हता. सातवं पत्र आलं. कडेला मामांच्या अंगठ्याचा काळा ठसा, बरोबर शेवटच्या ओळीशी. आणि ओळीच्या वर, लाल पेनाने, बाईंच्या सुंदर अक्षरात, खूण करून घातलेलं: योग्य ती.

बाई कौतुकाने सांगायला लागल्या. हे पत्र द्यायला खात्यात गेले, अधीक्षकांसमोर बसले, तर लक्षात आलं की दर वर्षीचा एक शब्द राहिलाय. म्हटलं, एवढ्याशा चुकीने आमची मागणी अर्धवट राहायला नको. मीच अधीक्षकांना दाखवलं, म्हटलं फोन करून विचारा हवं तर. त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. तुम्हीच घेतलात ना. लगेच घालून घ्या म्हणालात, मला फार बरं वाटलं.

तीस वर्षं वह्या तपासलेली बाई, तिला गळलेला शब्द दिसणारच. आणि क्षणभर, एक क्षणभर, मला वाटलं की चला, म्हणजे हे काही माझ्या एकटीचं नाही. इतकी मी हलकी आहे. मग त्या तिशीच्या बाईकडे नजर गेली. चपला आता तिच्या मापाच्या होत्या. ती माझ्याकडे बघत होती, तशीच, मान वर करून.

मी सांगितलं. योग्य म्हणजे काय, नुसतं म्हणजे काय, संस्थावाले, भुवया, सगळं. मामांच्या शेवटच्या महिन्यातलंही. बाईंनी मध्ये एकदाच विचारलं, अकराही पत्रं? मी म्हटलं, दहा. एक खरं होतं. बाईंचा हात त्या सातव्या पत्रावर गेला, लाल अक्षरांवर. म्हणाल्या, त्यात मी घातलं. मी म्हटलं, नाही बाई, तुम्ही शुद्धलेखन तपासलंत. घातलं मी.

मग ती मुलगी, मुलगीच म्हणते, बोलली. आवाज तोच, खणखणीत.

“म्हणजे मला बरोबरच कळलं होतं. कार्यवाही कोणती ते त्यात लिहिलेलंच नव्हतं.” थोडं थांबून म्हणाली, “घरी मी सांगितलं की पत्रातलं मला कळलं नाही. तर म्हणाले, एवढं साधं पत्र कळत नाही, मग पुढे शिकून काय करणार. मलाही तसंच वाटलं. अजून वाटतं.”

माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फाइल मिटली, बाईंना हात देऊन उठवलं. बाई दारापर्यंत गेल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, दर वर्षी मी मुलींना सांगायचे, मामांचं पत्र आलंय, पुस्तकं ठेवून द्या जपून, रद्दीत देऊ नका. मग पायऱ्या उतरल्या. फाइल माझ्याकडेच राहिली. विसरल्या की ठेवून गेल्या, ते मला माहीत नाही.

तर ही दोन पानं, झाली त्यापेक्षा जास्त. सोबत सातवं पत्र जोडलं आहे, लाल अक्षरांसकट छापावं. डोंगरावरच्या शाळेत आठवीचा वर्ग अजून नाही, तिची मुलगी पाचवीत आहे, म्हणजे दोन वर्षं हातात आहेत. समितीत आताचे आमदारही आहेत, तेही हे वाचतीलच. काल समितीच्या चिटणीसांचा फोन आला होता. म्हणाले, भाची, लेख पाठवून द्या, आम्ही योग्य ते बदल करून छापतो. या खेपेला मी नाही म्हटलं. नुसतं छापा.